तळघराच्या छताला भोकं पाडण्याआधी

बेळगावच्या शहापुरातलं आमचं घर पुढून बघितलं तर बैठं वाटतं. मागे उतार असल्यामुळे खाली एक चांगलं मोठं तळघर आहे, बारा बाय चौदा फुटांचं. सासरे होते तोवर तिथे मागासाठीचं सूत असायचं. नंतर बरीच वर्षं गणपतीचं मखर, मोडक्या खुर्च्या आणि पावसाळ्यात वास मारणारी पोती. त्या तळघराचं छत म्हणजे वरच्या खोलीची जमीन. मधे स्लॅब नाही, तुळया आणि त्यांवर फळ्या. पूर्वी फळ्यांवर मातीचा थर होता, तो वाळवीमुळे सासऱ्यांनी काढून टाकला. त्यामुळे खाली कुणी खोकलं तरी वर ऐकू यायचं, आणि वरच्या त्या खोलीत सासूबाई झोपतात. वय ७८, झोप आधीच कमी.

मुलगी आठवीत आहे, तबला शिकते. शाळा, शिकवणी, जेवण हे सगळं उरकून रियाजाला बसायला तिला रात्रीचे साडेआठ होतात. सासूबाईंची निजायची वेळही तीच. दोघींपैकी एकीने रोज काहीतरी सोडून द्यायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. म्हणून २०२५च्या फेब्रुवारीत आम्ही तळघराचं छत आवाज अडवणारं करून घेतलं. तुळयांना रबराचे हँगर, त्यांना जीआय चॅनलचा (गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या पट्ट्यांचा) सांगाडा, आत ५० मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) आणि खालून साडेबारा मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येणार नाहीत असे सरकवलेले, कडेला भिंतीशी बोटभर फट आणि त्या फटीत कधीच कडक न होणारं सीलंट. रॉकवूल आणि हँगर कोल्हापूरहून मागवले. खर्च ५८,००० रुपये. काम झालं त्या रात्री मी सासूबाईंच्या उशाशी बसले. बायाँची, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याची, फक्त एक दबकी घुमघुम येत होती, बाकी शांत. मला अगदी भरून आलं.

आणि दिव्यांचा विचार आम्ही छत बंद झाल्यावर केला. ही आमची मोठी चूक. हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

तळघरात भिंतीवर एकच जुनी ट्यूब होती. मुलगी तिच्याकडे पाठ करून बसायची, त्यामुळे तिचीच सावली तबल्याच्या शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) आणि पुढच्या वहीवर. बोल लिहिलेली ओळ वाचायला मान वाकडी करायची. सरांनी एकदा व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाले, "हाताची बोटंच दिसत नाहीत, मी चूक सांगू कशी?"

८ मार्चला वायरमन मामा आले. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची आहेत, माणूस प्रामाणिक. छताकडे बघून म्हणाले, "वहिनी, बारा वॉटचे आठ टाकूया की. दिवसासारखा उजेड पडतोय बघा." बारा वॉटच्या त्या गोल पॅनेलला साधारण सहा इंचाचं भोक लागतं. रात्री नवऱ्याने कागदावर हिशोब मांडला. सहा इंचाची आठ भोकं म्हणजे दीड चौरस फूट. आमचं छत १६८ चौरस फूट. म्हणजे जवळजवळ शंभरावा भाग उघडा. आणि कुठल्याही भिंतीचा किंवा छताचा शंभरावा भाग उघडा राहिला, तर उरलेला भाग कितीही जाड असो, सगळं मिळून २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. दिवा त्या भोकात बसतो हे खरं, पण तो म्हणजे पातळ पत्रा आणि प्लास्टिक. एक इंच जिप्समच्या जागी ते काय आवाज अडवणार? पाणी भरलेल्या घागरीला बारीक चीर गेली की घागर किती जाड आहे याला अर्थ राहत नाही, तसंच.

तरी खात्री करायची होती. ९ मार्चला मामांना सांगितलं, एकच भोक पाडा, तेही लहान दिव्याचं, ७५ मिमीचं, जिथे नाहीतरी दिवा हवाच आहे तिथे. होल सॉने दोन मिनिटांत झालं. रात्री मुलीने तोच कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना), त्याच लयीत, आधी भोक बोर्डाच्या तुकड्याने आणि पुट्टीने बंद करून आणि मग उघडं ठेवून वाजवला. सासूबाईंच्या उशीवर फोन ठेवला. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप खरे आकडे दाखवत नाही, पण तोच फोन, तीच जागा, तीच रात्र असेल तर फरक कळतो. बंद असताना ३३, उघडं असताना ३८, दिवा बसवून ३७.

आकड्यापेक्षा सासूबाईंचं बोलणं जास्त कळलं. म्हणाल्या, "आधी नुसतं घुमायचं गं. आता ती 'तिरकिट' म्हणते ते ऐकू येऊलालंय की." ते अगदी बरोबर होतं. जाड, खालचा सूर लाकडातून आणि भिंतीतून वाट काढतो; त्याला भोकाची गरज नसते. भोकातून जातात ते टोकदार, वरचे आवाज, दायाँचे, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याचे, बोल. आणि झोप मोडते ती त्यांनीच, कारण ते ओळखू येतात, मन त्यांच्या मागे जातं.

११ मार्चला एका परवानाधारक कंत्राटदाराला बोलावलं. आवाज बंद केलेल्या खोलीत हवाही बंद होते, त्यामुळे एसी लागणारच होता आणि आमचा मंजूर भार (वीज कंपनीने ठरवून दिलेली वापराची मर्यादा) होता एक किलोवॉट. त्याने मीटरजवळचं बोर्ड उघडलं. आत लाकडी पट्टीतली जुनी वायर, अर्थिंग नाही. म्हणाला, यावरून तळघरात नवीन फाटा काढला तर मी सही करणार नाही. त्या क्षणी मला राग आला, आठ मोठ्यांऐवजी आता सात लहान दिवे घ्यायचे होते, त्यांच्यासाठी एवढं कशाला असं वाटलं. आज त्याचे आभार मानते. लाकडी तुळयांच्या पोटात वायर जाणार असेल तर ती जुन्या बोर्डावरून नकोच.

मग कागदपत्रं. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर होतं, ते २०१९ला गेले. भार वाढवायचा तर आधी नाव बदला. लागलं ते असं: शेवटचं बिल (त्यावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, प्रत्येक कागदावर लिहावा लागतो), घरफाळ्याची चालू पावती, मृत्यूचा दाखला, नवऱ्याचं ओळखपत्र आणि दोन्ही नणंदांचं संमतीपत्र. सासरे मिरजेच्या दवाखान्यात गेले, त्यामुळे दाखला महाराष्ट्रातला. तो मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असतो म्हणून चालला, भाषांतर करून घ्यावं लागलं नाही. संमतीपत्राचं मात्र अडलं. धाकटी नणंद कोल्हापूरला असते. ती तिथल्या स्टॅम्प पेपरवर करून पाठवणार होती. कंत्राटदाराने वेळेवर सांगितलं, कर्नाटकाच्याच ई-स्टॅम्पवर करा, नाहीतर परत येईल. पाडव्याला ती आली तेव्हा दोघी बहिणींनी इथेच नोटरीसमोर सह्या केल्या. माहेरपणाला आलेल्या मुलीकडून वडिलांच्या मृत्यूच्या कागदावर सही घ्यायची, ते दोघींनाही जड गेलं. सासूबाई तेवढा वेळ देवघरात बसून होत्या.

अर्ज कन्नडमध्ये होता. मला बोलता येतं, लिहिताना अडखळते. कंत्राटदाराच्या मुलाने भरून दिला. सही करण्याआधी मी त्याच्याकडून एकेक रकाना वाचून घेतला आणि ते बरं झालं, कारण घर नंबरातला एक आकडा उलटा पडला होता. अर्ज ४ एप्रिलला गेला. नाव २ मेला बदललं. भार तीन किलोवॉट झाल्याचा कागद ६ जूनला मिळाला. मधे दोनदा खेपा पडल्या, एकदा तपासणीला माणूस आला तेव्हा घराला कुलूप होतं. अनामत, शुल्क, स्टॅम्प, नोटरी धरून ४,७४० रुपये आणि कंत्राटदाराचे ३,०००. एक सांगते: प्रत्येक वेळी पोच घ्या आणि पोचेचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्या खेपेला आमचा निम्मा वेळ त्या फोटोमुळे वाचला.

काहींनी विचारलं, दिव्यांनी बिल वाढतं का, गृहज्योतीचं (कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचं) काय होईल. सहा वॉटचे सात दिवे म्हणजे ४२ वॉट. रोज तीन तास लावले तर महिन्याला चार युनिटच्या आत. काळजी दिव्यांची नाही, एसीची आहे, कारण महिन्याचा वापर २०० युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. आम्ही एसी फक्त रियाजाच्या वेळी लावतो.

कागद फिरत होते तोवर घरातलं काम थांबवलं नाही. २० ते २४ मार्चला नवीन डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप वीज तोडणारा स्विच), परसात अर्थिंगचा खड्डा आणि दिव्यांसाठी वेगळी दीड चौरस मिमीची वायर, एसीची वेगळी. एसी मात्र भार मंजूर झाल्यावरच जोडला.

आता मुख्य काम. मुलगी बसते तिथे वरून उजेड हवाच होता, आणि तिथे भोक आधीच पडलेलं. तेवढ्या जागेसाठी दोन दिवे खोक्यात बसवायचे ठरलं. बाकीचे पाच छताला हात न लावता.

खोक्याची गोष्ट अशी. दिव्याच्या मागे जिप्समच्याच दोन थरांचं बंद खोकं, आतून नऊ बाय नऊ, उंची पाच इंच. म्हणजे भोक पडलं तरी त्याच्या मागे छताइतकीच जाड टोपी. छत उघडं असताना हे अर्ध्या तासाचं काम आहे. बंद छतात दोन दिवस लागले. बोर्ड लावणारा मिस्त्री राजस्थानचा, फार कमी बोलणारा आणि हाताने फार नेटका. त्याने आधी चुंबक फिरवून चॅनल कुठे आहेत ते पेन्सिलने आखलं. मग कट पायरीसारखा घेतला: खालचा थर पंधरा इंच चौरस, वरचा बारा. त्यामुळे बंद करताना एकाचा सांधा दुसऱ्याच्या खाली झाकला गेला. कटाच्या कडेला आत जादा चॅनल, मग खोकं आणि झाकण मिळून एकच तुकडा वर ढकलला, स्क्रू मारले, सगळ्या कडा सीलंटने भरल्या. खोकं दोन तुळयांच्या मधे बसलं पाहिजे. ते फळीला किंवा तुळईला टेकलं की रबराचे हँगर लावून काय उपयोग, थरथर सरळ वर जाते. त्याने बोट घालून चारी बाजूंनी मोकळं आहे ना ते पुन्हा पुन्हा बघितलं. वायर जिथे खोक्यात शिरते तेवढं बारीक भोकसुद्धा पुट्टीने बुजवलं.

उष्णतेची मला धास्ती होती. एलईडी गार असतो असं म्हणतात, पण त्याची उष्णता मागच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या अंगाकडे जाते. ते अंग रॉकवूलमध्ये पुरलं तर दिवा लवकर मरतो, आणि आमच्याकडे वर लाकूड. म्हणून रॉकवूल खोक्याच्या बाहेरून, आत काही नाही. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या डब्या, तर छतात ठेवलेच नाहीत. सातही ड्रायव्हर जिन्याच्या भिंतीवर, भोकं असलेल्या पत्र्याच्या पेटीत. तिथून फक्त पातळ वायर दिव्यांकडे जाते. एवढी लांब वायर चालेल ना, हे मामांनी दुकानात विचारून घेतलं. याचे दोन फायदे झाले. ड्रायव्हर बिघडला तर छत उघडायला नको, आणि स्वस्त ड्रायव्हरची बारीक शीळ खोलीत येत नाही. रेकॉर्डिंग करताना ती शीळ फार त्रास देते. खोकं कायमचं बंद करण्याआधी मिस्त्रीने ते खाली जमिनीवर पालथं घातलं आणि मामांनी दिवा आत चार तास जळता ठेवला. नंतर मी हात लावून बघितला. गरम होता, पण हात टेकवून ठेवता येत होता. तुम्हीही ही चाचणी केल्याशिवाय झाकण लावू देऊ नका.

दिव्याची जागा ठरवायला आम्ही मुलीला तबला घेऊन बसवलं आणि मामा शिडीवर टॉर्च धरून उभे राहिले. बरोबर डोक्यावर दिवा आला तर वाकलेल्या डोक्याचीच सावली हातावर पडते. दीड फूट पुढे आणि थोडा डावीकडे धरल्यावर बोटं स्वच्छ दिसली. ही दहा मिनिटं घालवल्याशिवाय होल सॉ हातात घेऊ नका.

उरलेल्या पाच दिव्यांसाठी भिंतीकडेने दोन बाजूंना पट्टी उतरवली: दहा इंच रुंद, पाच इंच खोल, २६ रनिंग फूट. दिवे त्या पट्टीच्या तळाला, मूळ छत वर अखंड. वायर भिंतीवरून पट्टीत येते. छताची उंची सात फूट दहा इंच होती, कडेला ती सात-पाच झाली. कडेला कुणी उभं राहत नाही म्हणून चाललं. इथे एकच गोष्ट सांभाळायची. पट्टी आधाराला छतातून लांब स्क्रू मारून तुळईला बांधायची मिस्त्री लोकांना सवय असते. तसं केलं की छत पुन्हा तुळईला जोडलं गेलं. आमची पट्टी फक्त भिंतीच्या ब्रॅकेटवर आहे, छताशी तिचा सांधा नुसता सीलंटचा. मला पुन्हा करायचं झालं तर सगळेच दिवे असे पट्टीत घेईन.

हे सगळं १२ ते १९ मेमध्ये झालं आणि नेमके वळीव सुरू झाले. तळघरातली पुट्टी वाळायला दोन दिवस म्हणाले होते, सहा लागले. पंखा लावून, दार उघडं ठेवून वाट बघितली. ओल्यावर रंग देऊ दिला नाही.

२६ मेला पहिल्यांदा सगळे दिवे लावून ती वाजवायला बसली. दिसायला छान. पण बायाँवर 'घे' पडला की कुठूनतरी झर्रर्र असा पत्र्याचा आवाज. आधी वाटलं तबल्यालाच काही झालं. मग एकेक दिवा बोटाने दाबत गेलो तर पट्टीतल्या दुसऱ्या दिव्याची स्प्रिंग वाजत होती. दिव्यांच्या कडेखाली पातळ फेल्टची चकती कापून घातली, स्प्रिंगच्या पायालाही फेल्ट. सगळ्या सातांना. आवाज गेला. रात्री पुन्हा फोन उशीवर. ३४. भोक पाडण्याआधी ३३ होतं. सासूबाईंना विचारलं, "तिरकिट?" त्या म्हणाल्या, "नाही गं. घुमतंय तेवढंच."

दिव्यांपुरता खर्च: सात दिवे ३,०१०, दोन खोकी मजुरीसह ४,२००, पट्टी ५,४६०, वायर-पाइप-डीबी-आरसीसीबी ७,९००, अर्थिंग ५,२००, मामांची मजुरी ६,५००, पुट्टी आणि रंग ३,६००. एकूण ३५,८७०, कागदपत्रं धरून ४३,६१०. वायरिंग आज ना उद्या करायचंच होतं. पण खोक्यांची तोडफोड आणि दुसऱ्यांदा दिलेला रंग हे पैसे छत बंद करण्याआधी एक संध्याकाळ बसून विचार केला असता तर वाचले असते. वहीवर पडतो तो उजेड पांढरट, ४००० केल्विनचा घेतला. पट्टीतला पिवळसर, ३०००चा. स्विच दोन वेगळे. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला लावून उजेड कमी करायचा प्रयत्न करू नका, आमचे दिवे त्यासाठी बनलेलेच नव्हते.

१० जुलैला गुरुपौर्णिमा झाली. तिचा तीनतालाचा कायदा बसला होता, सर खूश होते. त्याच आठवड्यात धो धो पाऊस आणि एका रात्री आरसीसीबीने आपोआप वीज तोडली. माझ्या पोटात गोळा आला, छतात पाणी गेलं असं वाटलं. मामांनी एकेक एमसीबी (प्रत्येक फाट्याचा वेगळा स्विच) खाली करून वर करून बघितलं. दिव्यांचा फाटा ठीक होता. ओल धरली होती परसातल्या न्हाणीघराच्या जुन्या स्विचने. तो बदलला. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण आता दर महिन्याच्या एक तारखेला मी दाबते.

त्याच रात्री मामांनी आमच्याकडून एक काम करून घेतलं. छताचा नकाशा कागदावर काढला: चॅनल कुठे, तुळया कुठे, दोन खोकी भिंतीपासून किती इंचावर, कुठला ड्रायव्हर कुठल्या दिव्याचा. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. खाली मुलीने तिच्या अक्षरात मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिलंय: इथे भोक पाडू नये.